उजेड पोचतो तिथवरच

पत्र: डॉक्टरताई, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ५६ वर्षांचे आहेत. शेती करतात. तरुणपणापासून तंबाखू-चुना गालात धरायची सवय. डाव्या गालाच्या आत जखम झाली ती चार महिने भरेना. तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. गाठ साडेतीन सेंटिमीटरची आहे आणि मानेतही एक गाठ हाताला लागते. ऑपरेशन करून गालाचा भाग, जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, असं सांगितलंय. १८ दिवसांनंतरची तारीख मिळाली आहे. पण दादाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. जपानमध्ये औषध टोचून लाल उजेड टाकतात आणि कॅन्सरच्या पेशी फुटून जातात, चेहरा कापावा लागत नाही. इकडचं एक क्लिनिक तसाच ‘लाइट थेरपी’चा सहा आठवड्यांचा कोर्स पावणेदोन लाखांत देतो म्हणतंय. दादाचं म्हणणं, आधी हे करून पाहू, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच. अण्णा काहीच बोलत नाहीत. उजेडाने खरंच कॅन्सर मरतो का? मी दादाला काय सांगू?
– एक लेक, सोलापूर जिल्हा

प्रिय लेकी,

तू सहीच ‘लेक’ अशी केलीस, म्हणून तुला तू म्हणते. दिवस मोजके आहेत, तेव्हा आधी उत्तर देते आणि मग कारणं. ऑपरेशनची तारीख सोडू नका. उजेडाने कॅन्सरची पेशी मरते हे खरं आहे, त्यामुळे दादाने पाहिलेला व्हिडिओ खोटा असेल असं मी म्हणणार नाही. पण त्यात दाखवलेला उपाय अण्णांच्या आजच्या अवस्थेसाठी नाही, आणि ते क्लिनिक देतंय तो तर तो उपायही नसावा, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

मी त्वचेची डॉक्टर. उजेडाने जागी होणारी औषधं मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून वापरली. तुझ्या गावातही अशा एका औषधाचं नाव जुन्या माणसांना ठाऊक असेल: बावची. अंगावर पांढरे डाग आले की बावचीच्या बियांचं तेल लावून उन्हात बसायचं, हा आपल्याकडचा फार जुना उपाय. त्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. अंधारात ते त्वचेवर पडून राहतं, फारसं काही करत नाही. उन्हातले अतिनील किरण पडले की ते पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये टाका घातल्यासारखं अडकून बसतं, आणि मग त्या पेशीला वाढता येत नाही. १९७० च्या दशकात याच सोरालेनच्या गोळ्या आणि अतिनील दिवे यांची जोडी जमवून सोरायसिसवर उपचार सुरू झाले, आणि लवकरच त्वचेत सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या लिम्फोमावरही, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवरही. १९८७ मध्ये येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडल्सन यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. रुग्णाचं रक्त बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींवर सोरालेन असताना किरण सोडायचे आणि रक्त परत शरीरात घालायचं. तो उपचार आजही वापरात आहे.

म्हणजे कल्पना विलक्षण आहे आणि खरी आहे. पण माझ्याकडे बावचीचं तेल लावून दुपारी बारा वाजता उन्हात बसलेले रुग्णही आले आहेत, पाठभर फोड घेऊन. वर्षानुवर्षं सोरालेन आणि किरण घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही पुढे कळलं. औषध एकच, पण किती, कुठे आणि किती वेळ उजेड, यावर सगळं ठरतं.

दादाने पाहिलं ते या बावचीच्या चुलत घराण्यातलं आहे. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. तिची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या गोंधळातून झाली. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करत होता. अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगाने पाण्यातला पॅरामिशियम हा एकपेशी जीव किती वेळात मरतो, एवढंच त्याला मोजायचं होतं. पण आकडे जुळेनात. एके दिवशी जीव भराभर मेले, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच रंगात कितीतरी वेळ पोहत राहिले. शेवटी लक्षात आलं की फरक खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा होता. नुसता रंग तेवढा घातक नव्हता आणि नुसता उजेडही नव्हता. टापाइनर यांनी पुढे दाखवून दिलं की या दोघांना ऑक्सिजनचीही साथ लागते. १९०३ मध्ये त्यांनी आणि येझियोनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड टाकूनही पाहिला.

आता पेशीत काय होतं ते सांगते, कारण दादाला पटवायचं तर तुला हे नीट कळलं पाहिजे. औषध शिरेतून दिलं की रक्ताबरोबर सगळीकडे जातं. काही तास किंवा काही दिवस थांबतात. तेवढ्यात बऱ्याच निरोगी भागांतून ते निघून जातं, गाठीत जास्त रेंगाळतं. मग ठरावीक रंगाचा उजेड टाकतात. औषधाचा रेणू तो उजेड पितो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा तापलेला ऑक्सिजन, त्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, समोर येईल ते, चरबीचा पापुद्रा, प्रथिन, काहीही जाळत सुटतो. पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावं एवढंच. पेशीच्या रुंदीचा शंभरावा हिस्साही तो जेमतेम ओलांडतो. म्हणून औषध पेशीत नेमकं कुठे बसलंय यावर पेशीचा शेवट ठरतो. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात बसलं असेल तर पेशी स्वतःच आपला गाशा गुंडाळते, तुकडे होऊन विरून जाते. बाहेरच्या आवरणात बसलं असेल तर आवरण फाटतं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडतात, आणि मेलेल्या पेशींचा कचरा पाहून शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धाव घेते.

औषध कॅन्सरच्या पेशीतच जास्त का साठतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल नावाचं एक साधं द्रव्य आहे, आपलं शरीर हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य, बनवताना ते स्वतःच तयार करतं. हे द्रव्य वरून जास्त दिलं की पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवते. निरोगी पेशी त्यात लोह घालून त्याचा हीम करून टाकते. अनेक कॅन्सर पेशींमध्ये हे शेवटचं काम मागे पडतं आणि प्रोटोपॉर्फिरिन तुंबून राहतं. निळा उजेड टाकला की ते लाल चमकतं. मेंदूच्या काही गाठी काढताना शल्यचिकित्सक रुग्णाला हे द्रव्य आधी प्यायला देतात, म्हणजे गाठ कुठे संपते आणि मेंदू कुठे सुरू होतो ते सूक्ष्मदर्शकाखाली रंगावरून दिसतं. त्वचेवरच्या उथळ, पातळ विकारांवर हेच द्रव्य मलमासारखं लावून उजेड देतात आणि ते बरे होतात. चेहऱ्यावर अशा जागी टाके-व्रण न राहता काम होतं तेव्हा या उपचारासारखं समाधान नाही.

मग अण्णांना का नको?

लहानपणी लाइट गेल्यावर टॉर्चवर तळहात धरला असशील. हात लाल दिसतो. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, पण त्यातला निळा-हिरवा भाग रक्त आणि मांस वाटेतच खाऊन टाकतात, लाल तेवढा पलीकडे येतो. म्हणूनच या उपचारात बहुतेक वेळा लाल उजेड वापरतात. पण तोही मांसात दमतो. पॉर्फिमर या जुन्या औषधासाठी ६३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) लाल उजेड लागतो, आणि तो परिणाम होईल एवढ्या ताकदीने सेंटिमीटरभरापलीकडे जात नाही. अण्णांची गाठ साडेतीन सेंटिमीटरची आहे. वरचा थर मेला, जखम सुकल्यासारखी दिसली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि खालचा भाग जबड्याच्या हाडाकडे सरकत राहिला, तर आपण काय मिळवलं? खोल गाठीत पोकळ सुया घालून त्यांतून काचतंतू नेऊन आतून उजेड देण्याची सोय आहे, हे मी लपवणार नाही. तरीही मानेतली गाठ उरते. तुझ्या पत्रातलं हे एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कॅन्सर गालातून मानेत उतरला असेल तर तिथे हाताला लागणाऱ्या एका गाठीशेजारी न लागणाऱ्याही असू शकतात. जिथे काय आहे तेच माहीत नाही, तिथे उजेड कुठे रोखायचा? शल्यचिकित्सक मानेतला तो सगळा पट्टा काढून तपासायला पाठवतात, आणि त्या अहवालावर पुढे शेक द्यायचा का, केमो द्यायची का, हे ठरतं.

शेकाचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात आणि काही जण ‘लाइट घेणं’ही म्हणतात. त्यामुळे घरात घोळ होतो. रेडिएशनचे किरण खूप ताकदीचे असतात, शरीराच्या आरपार जातात, त्यांना असं कोणतंही औषध आधी टोचावं लागत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर ‘लाइट’ म्हणाले तर ते क्लिनिकवालं लाइट नव्हे, हे दादाला आजच सांगून ठेव.

आता जपानचं. हिसाताका कोबायाशी हे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. त्यांनी २०११ मध्ये एक वेगळी युक्ती प्रसिद्ध केली. रंग शरीरभर मोकळा सोडण्याऐवजी तो एका प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीला, बांधायचा. तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन पुष्कळ असतं, आणि सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. चिकटल्यावर ६९० नॅनोमीटरचा उजेड टाकला की त्या रंगाच्या रेणूचे पाण्यात विरघळणारे हात गळून पडतात, तो पाण्यापासून दूर पळणारा होतो, गोळा होतो आणि पेशीचं आवरण ताणून फाडतो. बाहेरचं पाणी आत घुसतं आणि पेशी फुगून फुटते. व्हिडिओत दादाने पाहिलं असणार ते हेच. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहताना कुणाचाही श्वास अडकेल, मग ज्याचा बाप आजारी आहे त्याचं काय होत असेल.

जपानने या औषधाला सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. कुणासाठी, हे मात्र दादाला हळूच वाचून दाखव: डोकं-मानेचा असा कॅन्सर जो आता कापून काढता येत नाही, किंवा उपचारांनंतर पुन्हा उलटला आहे. ज्यांना ऑपरेशनची संधी उरलेली नाही त्यांच्यासाठी ते आहे. अण्णांना ती संधी आज आहे. शिवाय जपानमध्येही ते रुग्णालयात दाखल करून, भूल देऊन करतात. गाठ मानेतल्या मोठ्या धमनीत शिरली असेल तर ते देतच नाहीत, कारण गाठ मेल्यावर धमनी फुटू शकते. घसा सुजून श्वास अडण्याची भीती असते, त्याची तयारी ठेवावी लागते. आठवड्यातून दोनदा खुर्चीत बसवून दिव्याखाली अर्धा तास, असलं ते काम नाही.

उजेडाच्या औषधाचं एक ओझं व्हिडिओत कुणी दाखवत नाही. औषध त्वचेतही राहतं. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या शिरेत २०० मिलिग्रॅम हीमॅटोपॉर्फिरिन, म्हणजे असंच उजेडाने जागं होणारं द्रव्य, टोचून घेतलं आणि मग ऊन अंगावर घेतलं. चेहरा आणि हात ओळखू येणार नाहीत असे सुजले, आणि उन्हाचा हा त्रास त्याला दोन महिन्यांहून जास्त पुरला. आजच्या पॉर्फिमरनंतरही किमान ३० दिवस ऊन टाळायला सांगतात. साधं सनस्क्रीन इथे कामाचं नाही, कारण त्रास दिसणाऱ्या उजेडाचाच असतो. गंमत अशी की रुग्णाला काळोख्या खोलीत कोंडायचंही नसतं. घरातल्या मंद उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं, म्हणून तेवढ्या उजेडात वावरायचं. सोलापूरच्या उन्हात शेतकऱ्याला हे किती अवघड, ते तुला सांगायला नको.

आणि इथेच मला त्या क्लिनिकबद्दल शंका येते. तुझ्या पत्रात त्यांनी ऊन टाळायला सांगितल्याचा उल्लेखच नाही, औषधाचं नाव नाही. औषध नसेल तर नुसत्या लाल दिव्याने कॅन्सरची पेशी मरत नाही, ती त्यात सुखाने राहते. दादाशी वाद घालण्यापेक्षा त्याला घेऊन तिथे जा आणि विचार: कोणतं औषध देणार, त्याचं नाव लिहून द्या. त्याला भारताच्या औषध नियंत्रकांची कशासाठी परवानगी आहे? उजेड किती नॅनोमीटरचा? टोचल्यानंतर किती तासांनी? मानेतल्या गाठीचं काय करणार? उपचारानंतर तुकडा काढून तपासणार का, आणि ते कोण ठरवणार, कॅन्सरचे सर्जन आहेत का तुमच्याकडे? ‘हे संशोधन आहे’ असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला क्रमांक माग. खऱ्या चाचणीला नीतिसमितीची मान्यता असते, रुग्णाची समजावून घेतलेली लेखी संमती असते, आणि तपासल्या जाणाऱ्या औषधासाठी रुग्णाकडून लाखाचं पॅकेज घेत नाहीत. यातलं एकही उत्तर कागदावर मिळालं नाही तर दादाला तिथून बाहेर पडताना काही सांगावं लागणार नाही.

‘नाही जमलं तर ऑपरेशन आहेच’ या त्याच्या वाक्याला मात्र तुला उत्तर द्यावं लागेल. सहा आठवड्यांनी तेच ऑपरेशन असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. तोंडाचा कॅन्सर वाट पाहत नाही. आज जबड्याचा थोडा भाग जाणार आहे, उद्या जास्त जाऊ शकतो. आज एक गाठ मानेत आहे. आज तोंड उघडतंय. गाठ मागे जबड्याच्या स्नायूंत शिरली तर तोंड मिटू लागतं, आणि मग सर्जनही हात आखडता घेतात. त्या पलीकडे गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांनी सुरुवातीचे दोन-तीन महिने कुठल्या ना कुठल्या ‘बिनकापाच्या’ उपायात घालवले होते, ते आठवलं की आजही मन घट्ट करावं लागतं.

दादाला वाईट समजू नकोस. बापाच्या चेहऱ्यावर सुरी चालू नये असं वाटणं ही मायाच आहे. त्याला दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण तारीख हातात ठेवून. परळच्या टाटा रुग्णालयात कागद दाखवता येतात, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेतून घरबसल्या कागद पाठवूनही तज्ज्ञांचं मत मिळतं. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. ते पावणेदोन लाख शेकाच्या दिवसांतल्या राहण्या-खाण्यासाठी, येण्या-जाण्यासाठी लागतील.

उरलेल्या दिवसांत तंबाखू पूर्ण बंद. ‘आता काय उपयोग’ असं अण्णा म्हणतील. उपयोग आहे, जखम भरायला आहे. दात एकदा दंतवैद्याला दाखवून घ्या, शेक द्यायचा झाला तर किडके दात आधीच काढावे लागतात. ऑपरेशननंतर काही दिवस नाकातल्या नळीतून खाणं द्यावं लागेल, ते कसं बनवायचं ते आहारतज्ज्ञांना आधीच विचार. तोंड उघडण्याचे व्यायाम टाके भरत आले की सुरू करतात आणि ते महिनोन्महिने करावे लागतात. घरात ते करवून घेणारं माणूस आत्ताच ठरवा.

आणि अण्णा. ते काहीच बोलत नाहीत, असं तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. तू आणि दादा त्यांच्याबद्दल बोलताय, त्यांच्याशी कुणी बोललंय का? चेहरा कसा दिसेल, पारावर बसता येईल का, नातवंडं घाबरतील का, हे त्यांच्या मनात चालू असणार आणि मुलांसमोर ते तोंडातून निघत नसणार. सर्जनना सांग की असं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या एखाद्या रुग्णाशी अण्णांची गाठ घालून द्या. गाल भरून काढायला मांडीची किंवा छातीची कातडी कशी लावतात, ते त्या माणसाच्या चेहऱ्यावर अण्णांना स्वतः पाहू दे. तू आणि दादा तेव्हा बाहेर थांबा. दोन शेतकरी आपसात बोलतील ते तुमच्यासमोर बोलणार नाहीत.

तपासणीचे कागद, तुकड्याचा अहवाल आणि स्कॅनची सीडी एका पिशवीत घालून ठेव. पिशवी तुझ्याकडेच असू दे.

तुझी,
डॉक्टरताई